न्यूझीलंडमधील सराव अध्यापन, मित्रांसोबत कारने सहल आणि सोमवारचा पाठ

सातपुडा_पायथा (चोपडा)

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे अध्यापनाची पदविका करीत असून सध्या तेथील एका शाळेत तिचे सराव अध्यापन चालू आहे. तिकडे त्याला प्रॅक्टिकम म्हणतात. तिच्या वर्गातील आणखी तिघे छात्राध्यापक (एक केरळची, दोघे तिथलेच) आणि ती, असे चौघे मिळून पोळ्याच्या आठवड्यात शुक्रवारी शाळा सुटल्यावर भाड्याची कार घेऊन टेकापो सरोवर व पुढे आओराकी (माउंट कुक) पर्वताकडे जाण्याच्या विचारात आहेत, आणि रविवारी रात्री परततील. सोमवारी सकाळी विद्यापीठाच्या प्राध्यापिका तिचा पाठ पाहण्यासाठी वर्गात येऊन बसणार आहेत.

सहलीला माझा विरोध नाही. मी डी.एड. करीत असताना पाठाच्या आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत पुठ्ठा आणि घोटीव कागदाचे तक्ते चिकटवीत बसायचे, तरीही सकाळी निरीक्षण वहीत लाल शाई उमटायचीच, त्यामुळे माझे मन सोमवारपाशी अडकते हे मला कळते. मुलगी गाडी चोपडा-यावल रस्त्यावर वडिलांच्या शेजारी बसून शिकली आहे आणि परवाना मिळून दोन वर्षे झाली आहेत. तेवढ्यावर तिकडे गाडी चालविता येते का, ऑगस्टमध्ये तिकडचा हिवाळा रस्त्यावर कितपत त्रास देतो, आणि विम्याचे काय, एवढे जाणकारांनी सांगावे.

पांझराकाठ (धुळे)

ताई, मी तीन वर्षे त्याच भागात, टिमारू येथे नोकरीनिमित्त राहिलो असून टेकापोचा रस्ता अनेकदा केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परवान्याची चिंता नको. आपल्या परवान्यावरील मजकूर इंग्रजीत असल्याने नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला त्यावर गाडी चालविता येते, आणि तिकडेही वाहने डावीकडूनच चालतात, हे आपल्या मुलांच्या फार सोयीचे पडते. गावाबाहेर वेगमर्यादा साधारणपणे ताशी १०० किलोमीटर आणि वस्तीत ५० असते. नवख्या माणसाला अडचण येते ती एकेरी पुलांवर. नदीवर एकाच वाहनापुरता पूल असतो आणि पुलाच्या अलीकडे फलकावर दोन बाण काढलेले असतात. ज्याच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, त्याने थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. हॉर्न वाजवून आधी घुसण्याचा आपल्याकडचा शिरस्ता तिथे कोणी पाळत नाही.

आता हिवाळा. क्राइस्टचर्चहून टेकापो सुमारे २२५ किलोमीटर, म्हणजे जळगावहून नाशिकला जाण्यापेक्षा थोडे कमीच, आणि तीन तासांचा रस्ता. जेराल्डिन आणि फेअरली ही गावे मागे टाकली की बर्क्स पास लागतो, तो सातशे मीटरच्या थोडा वर आहे. आकड्यात हे काहीच नाही, आपले तोरणमाळ याहून उंच आहे. पण ऑगस्टमध्ये तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि ज्या वळणावर डोंगराची सावली पडते तिथे डांबरावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर बसतो. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. माझी गाडी एकदा अशाच वळणावर बैलाने मान झटकावी तशी मागून सरकली होती. मी ब्रेकवर पाय दिला नाही म्हणून वाचलो. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलायचा, ब्रेक दाबायचा नाही आणि स्टीअरिंगला हिसका द्यायचा नाही. भाड्याच्या गाडीसोबत चाकांना लावायच्या साखळ्या मागून घ्याव्यात आणि त्या लावायच्या कशा, हे गाडी ताब्यात घेतानाच एकदा करून पाहावे.

म्हणूनच शुक्रवारी निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळा तीनला सुटली तरी गाडी हाती येऊन निघेपर्यंत साडेचार होतात, त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि मग घाट अंधारात येतो. शनिवारी सकाळी आठला निघाल्यास खिंडीपाशी पोचेपर्यंत दहा वाजून जातात आणि रस्ता बराचसा कोरडा झालेला असतो.

विम्याबाबत एकच सांगतो. त्या देशात वाहनाचा तृतीयपक्ष विमा सक्तीचा नाही, त्यामुळे आपल्यासारखे ‘असेलच’ म्हणून गृहीत धरता येत नाही. भाड्याच्या गाडीला विमा असतो, पण नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा भाडेकरूवर असतो; जे जे चालविणार त्या प्रत्येकाचे नाव करारात हवे, आणि काच व टायर त्यात धरले आहेत का हे विचारूनच सही करावी.

जुना_सहा_नंबर (साक्री)

नमस्कार मॅडम. मी बावीस वर्षे सुरत-धुळे-नागपूर रस्त्यावर ट्रक चालविला, परदेशाचे मला काही ठाऊक नाही, पण रात्री कोंडाईबारी घाट चढताना झोप कशी येते ते ठाऊक आहे. ती डोळे मिटून येत नाही. डोळे उघडे असतात आणि मधले दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत. मुलांना सांगा, चालविणारे दोघे ठरवा, दर दीड तासाने जागा बदला, आणि शेजारी बसणाऱ्याने मोबाइल पाहत बसू नये, त्याचे काम बोलत राहण्याचे. रविवारी रात्री परतण्याचा बेत मात्र मोडाच. दुपारी दोनला परतीची चाके फिरली पाहिजेत.

गिरणाथडी (चाळीसगाव)

शिक्षिका म्हणून मला सोमवारच्या पाठाविषयी थोडे निराळे सुचते. त्या दोन दिवसांतूनच पाठ का काढू नये? टेकापोचा परिसर २०१२ पासून आओराकी मॅकेन्झी या नावाने आंतरराष्ट्रीय अंधारआकाश राखीव क्षेत्र (रात्रीचा काळोख जपण्यासाठी राखलेला प्रदेश) आहे, आणि पोळा म्हणजे अमावस्या, तेव्हा चंद्राचा उजेड नसताना तिथले आकाश पाहण्याची ही उत्तम वेळ आहे. तिकडच्या मूळ रहिवासी माओरींच्या परंपरेत नवे वर्ष ज्या ‘मातारिकी’ने सुरू होते त्या आपल्याच कृत्तिका, २०२२ पासून त्या सणाची तिकडे राष्ट्रीय सुट्टीही असते. ऑगस्टअखेर पहाटे पाचच्या सुमारास त्या उत्तरेकडे, क्षितिजापासून फार वर नाही अशा दिसतात. आपल्याकडे कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात, तिकडे उत्तरेला खाली का, या एका प्रश्नावर चाळीस मिनिटे सहज जातील.

शिवाय मुलीला आमच्या पाटणादेवीची आठवण करून द्या. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. खानदेशची मुलगी परदेशातल्या वर्गात आकाश शिकविते आहे, तर हे तिने सांगायला हवेच. मात्र टाचण शुक्रवारीच लिहून ठेवायला सांगा. निरीक्षणे तेवढी नंतर भरता येतात.

सातपुडा_पायथा (चोपडा)

सर्वांचे मनापासून आभार. मुले काल रात्री सुखरूप परतली, म्हणून कळविते.

शुक्रवारचे निघणे रद्द झाले, त्यावर केरळची मैत्रीण दोन दिवस रुसली होती. शनिवारी निघून मुले दुपारी टेकापोला पोचली. तिथले १९३५ चे दगडी चर्च आणि त्यामागचे निळे पाणी मुलीने मला व्हिडिओवर दाखविले. हिमनदीने घासलेल्या खडकाचे पीठ पाण्यात तरंगत राहते म्हणून तो रंग, हे तिनेच शिक्षिकेच्या थाटात समजावले. रविवारी पहाटे तिकडे पाच वाजता, म्हणजे आमच्याकडे शनिवारी रात्री साडेदहाला, फोन आला. थंडीने तिचे दात वाजत होते आणि कृत्तिका दिसल्या होत्या. मी गच्चीत गेले, पण आमच्याकडे श्रावणाचे आभाळ गच्च भरलेले होते, आणि खाली जावा खापरावरच्या मांड्यांसाठी पुरण वाटत होत्या. आओराकी मात्र ढगांमुळे पूर्ण दिसलाच नाही. ३,७२४ मीटरपैकी पायथ्याचे थोडे काय ते दिसले असे ती म्हणाली.

रविवारी दुपारी दोनऐवजी अडीचला निघाली, साक्रीच्या दादांनी एवढे माफ करावे. पाठ आज सकाळी झाला. प्राध्यापिकांचा शेरा असा की प्रश्न चांगला होता, पण मुलांना विचार करायला वेळ कमी दिला आणि उत्तर स्वतःच सांगून टाकले. हाच शेरा माझ्याही वहीत होता.

एक गोष्ट धुळ्याच्या दादांनी सांगूनही चुकली. फेअरलीच्या अलीकडे पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडून काचेला तडा गेला, आणि काच विम्यात धरलेली नव्हती. तेव्हा गाडी तिथल्याच एका मुलाच्या हातात होती, म्हणून खर्च त्याने एकट्याने द्यावा असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. मी मुलीला सांगितले आहे की चार भाग कर आणि तुझा आजच देऊन टाक.