आजीसारखं गोंदण करायचंय, घरच्या काजळाची शाई चालेल का?

तुळसवेडी:
माझी आजी मागच्या पौषात गेली. तिच्या डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, खाली पाच ठिपके, रंग काळ्याचा हिरवट झालेला. ते तसंच्या तसं मला हवंय. मावसभावाने ऑनलाईन मशीन मागवलंय, सोबत शाईच्या बारक्या बाटल्या आल्यात पण त्यांच्यावर ना कंपनीचं नाव ना तारीख, नुसतं ब्लॅक. म्हणून ठरवलं की तेलाचा दिवा लावून ताटलीवर काजळ धरायचं आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचं, आजीचंही काजळाचंच होतं, तिला साठ वर्षांत काही झालं नाही. नैसर्गिकच आहे ना? रविवारी करायचंय, प्लीज सांगा.

सुईवाली_नाशिक:
ताई, आधी रविवारचं रद्द करा. नऊ वर्षं टॅटू करतेय म्हणून कळकळीने सांगते. काजळ डोळ्यात घालणं वेगळं आणि सुईने दीड-दोन मिलिमीटर आत टोचणं वेगळं, ते आत गेलं की शरीरातल्या पेशी गिळून धरून ठेवतात, थोडं लसिकाग्रंथींपर्यंतही जातं. दिव्याच्या काजळीत पीएएच नावाची रसायनं असू शकतात, त्यातली काही कॅन्सरकारक. पण मला जास्त भीती पाण्याची वाटते. नुसतं उकळून काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, त्याला ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्रच लागतं, 121 डिग्री आणि दाब. 2011 च्या शेवटी अमेरिकेत रोचेस्टरला टॅटू काढलेल्या 19 जणांना मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाच्या जंतूचं इन्फेक्शन झालं होतं, शाई कंपनीकडूनच पातळ करून आलेली राखाडी, आणि जंतू त्या शाईतूनच आले. कंपनीच्या शाईत असं होतं तर आपल्या स्वयंपाकघरात काय होईल. आणि त्या बिननावाच्या बाटल्यापण टाकून द्या, कोणाला देऊ नका.

दंडावरचा_गुलाब:
मी स्वतः भोगतोय म्हणून लिहितो. जत्रेत नाही, चांगल्या दिसणाऱ्या दुकानात लाल गुलाबाचा टॅटू काढला होता, शाई कुठली ते विचारलंच नाही. सहा महिन्यांनी पाकळ्या फुगायला लागल्या, रात्री इतकी खाज की झोपेत खाजवून चादरीला रक्त. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं लाल कुठे संपला आणि काळी रेघ कुठे सुरू झाली, काळी सपाट आणि लाल उचललेला. स्किनच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, म्हणाले लाल रंगाची ॲलर्जी, सगळ्यात जास्त लालचीच होते. लेझरचं विचारलं तर म्हणाले ॲलर्जी असताना लेझरने रंग फुटला तर रिॲक्शन अजून वाढू शकते. तीन वर्षं झाली, मलम चालूच आहे.

रक्तपेढीतला:
आजीला काही झालं नाही हे आमच्याकडेही खूप लोक सांगतात. हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा लिव्हरचा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो, लिव्हर बिघडल्यावर कोणाला आठवणार की चाळीस वर्षांपूर्वी जत्रेत एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने दहा जणींना गोंदलं होतं? म्हणूनच टॅटूनंतर 12 महिने आपल्याकडे रक्तदान करता येत नाही.

सुईवाली_नाशिक:
बरोबर. आणि कंपनीची म्हणजे सेफच असंही नाही, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, कातडीत टोचायला आजवर एकही रंग मंजूर केलेला नाही. युरोपने मात्र 4 जानेवारी 2022 पासून शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, म्हणून मी त्या नियमात बसणारी शाईच वापरते. स्टुडिओत गेलात की बाटली हातात घेऊन बघा, नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, निर्जंतुक लिहिलंय का. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, शाई छोट्या कपात ओतून घ्यायची आणि उरलेली फेकायची, परत बाटलीत नाही. पातळ कशाने करता हेही विचारा, नळाचं किंवा बिसलेरीचं पाणी म्हणाले तर उठून या. विचारल्यावर चिडणाऱ्याकडे काढूच नका.

तुळसवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला सगळं वाचून दाखवलं, मशीन परत पाठवतोय. स्टुडिओतच करेन. एकच विचारायचंय, आजीचा तो हिरवट रंग हवा असेल तर हिरवी शाई घ्यायची का?

सुईवाली_नाशिक:
नको, काळ्यातच करा. आजीचंही काळंच होतं, कातडीखालून काळा रंग निळसर-हिरवट दिसतो आणि वर्षं जातील तसा जास्तच. आजीच्या हाताचा जवळून काढलेला फोटो असेल तर न्या, ठिपक्यांमधलं अंतर नजरेने लावू नका.