शब्दचर्चा : टोकनचा ‘भाव’, स्टेकिंगचा ‘दर’ आणि ‘व्याज’

विचारणा

नमस्कार. सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मी क्रिप्टोवर, म्हणजे आभासी चलनांवर, टिपण लिहीत आहे. त्यात ‘दर चढला की लोक स्टेकिंगकडे वळतात आणि मग दर उतरतो’ असे वाक्य आहे. (स्टेकिंग म्हणजे आभासी चलनाची नाणी, अर्थात टोकन, त्याच्या नेटवर्कमध्ये व्यवहारांच्या पडताळणीसाठी अडकवून ठेवणे आणि त्याबद्दल मोबदला मिळवणे.) ते वाचून मित्राने विचारले की यातला कोणता दर टोकनच्या किमतीचा आणि कोणता कमाईचा? दोन्हींसाठी वेगळे शब्द सुचवावेत. ‘स्टेकिंगचे व्याज’ म्हणणे योग्य आहे का, हेही सांगावे.

उत्तर

मित्राची शंका रास्त आहे. आपल्या बाजार समितीत कांद्याला क्विंटलमागे जो आकडा मिळतो तो ‘दर’, आणि बँकेच्या फलकावरची शेकडेवारी हाही ‘दर’च, पण कांदा आणि ठेव सहसा एका वाक्यात येत नाहीत, म्हणून घोटाळा होत नाही. इथे मात्र दोन्ही आकडे एकाच टोकनचे आहेत. म्हणून किमतीला ‘भाव’ आणि शेकडेवारीला ‘मोबदल्याचा दर’ म्हणावे. ‘परतावा’ हा शब्द, भावातील चढउतार आणि मोबदला मिळून शेवटी रुपयांत जे हाती पडते, त्यासाठी राखून ठेवावा.

शब्द वेगळे केले की कार्यकारणही नेमके मांडता येते. इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कने सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंग (संगणकांची ताकद खर्चून व्यवहार पडताळण्याची पद्धत) सोडून स्टेकिंग स्वीकारले. तिथे नव्या नाण्यांतून मिळणाऱ्या मोबदल्याचा दर एकूण गुंतवलेल्या नाण्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे गुंतवलेली नाणी चौपट झाली तर दर निम्म्यावर येतो. या सूत्रात भाव कुठेच नाही. भावाचा परिणाम होतो तो माणसांमार्फत : भाव टिकेल असा विश्वास वाटला की अधिक लोक नाणी गुंतवतात आणि दर उतरतो. उलट, तेजीत व्यवहारांची गर्दी झाली की शुल्कातून मिळणारा वाटा वाढतो आणि दर काही काळ वरही जातो. त्यामुळे ‘भाव चढला की दर उतरतो’ असे सरसकट विधान करू नये.

आता ‘व्याज’. हा शब्द मी ठामपणे टाळेन. व्याज कर्जदार देतो, आणि ते त्याच्या कमाईतून येते अशी आपली समजूत असते. स्टेकिंगचा मोबदला बहुतेक ठिकाणी नवी टोकन निर्माण करून दिला जातो. समजा, एकूण टोकन १,००० आहेत, त्यांपैकी ६०० गुंतवलेली आहेत आणि वर्षात ६० नवी निघाली. गुंतवणाऱ्याच्या १०० ची ११० झाली, म्हणजे मोबदल्याचा दर १० टक्के. पण एकूण टोकनही १,०६० झाली. सगळ्यांचे मिळून बाजारमूल्य तेवढेच राहिले, तर प्रत्येक टोकनचा भाव सुमारे ५.७ टक्क्यांनी घटतो आणि खरा परतावा ३.८ टक्क्यांच्या आतच राहतो. ज्याने गुंतवले नाही, त्याचे तर निव्वळ नुकसान. ही घट ‘व्याज’ शब्दाआड दिसेनाशी होते, आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिताना ती दिसायलाच हवी.

पुढील शंका

आभारी आहे, सर. मग ‘मोबदल्याचा दर जास्त असेल तर भावाला आधार मिळतो’ असे लिहावे का?

उत्तर

अर्धेच खरे ठरेल. टोकन अडकून पडली की विक्रीला कमी येतात, हा आधार खरा. पण मोबदला म्हणून मिळालेली नवी टोकन लोक विकू लागले की तोच भाव दाबला जातो. कॉसमॉस या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कच्या रचनेत गुंतवलेली टोकन एकूण टोकनांच्या ६७ टक्क्यांच्या खाली गेली की नवी निर्मिती वाढते, वर गेली की कमी होते. तिची वरची मर्यादा पूर्वी वर्षाला २० टक्के होती. ती २०२३ मध्ये तिथल्या टोकनधारकांनी मतदान करून १० टक्क्यांवर आणली, ती नव्या टोकनचा हा भार कमी व्हावा म्हणूनच. चढा दर हे कित्येकदा भरभराटीचे नव्हे, तर लोकांना थांबवून धरण्याच्या धडपडीचे लक्षण असते.

जाता जाता, टिपणात ‘मुदत ठेव’ आणि ‘मुद्दल शाबूत’ हे शब्दही येऊ देऊ नका. कॉसमॉसमध्ये गुंतवणूक सोडवायला २१ दिवस लागतात, त्या काळात मोबदला मिळत नाही आणि भाव कोसळला तरी विकता येत नाही. शिवाय ज्याच्याकडे टोकन सोपवले त्या पडताळणीदाराने (नेटवर्कवरचे व्यवहार तपासणाऱ्याने) गैरवर्तन केले, तर टोकनांतूनच दंड कापला जातो. त्यासाठी ‘गुंतवून ठेवणे’ आणि ‘सोडवणे’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.