रीलमधून मिळालेल्या प्रसिद्धीच्या भरवशावर शिक्षण बाजूला ठेवावे का?

प्रश्न : प्रतापनगरची वाचक

नमस्कार. माझा मुलगा नागपुरातच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि काही काळापासून तो शहरातल्या खाण्याच्या ठिकाणांची रील्स बनवतो. कस्तुरचंद पार्कजवळचे तर्री पोहे, जुन्या शहरातली सावजी भोजनालये, फुटाळ्यावरचे ठेले, इतवारीतली मिठाईची दुकाने असे त्याचे विषय असतात. काम तो मनापासून करतो, याबद्दल माझी तक्रार नाही. मध्यंतरी त्याच्या एका रीलला अचानक लाखो दर्शक मिळाले आणि तेव्हापासून घरातले वातावरणच बदलले आहे. परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल, पण लोकांचे लक्ष आज आहे तसे पुन्हा मिळणार नाही, असे तो म्हणतो आणि इथल्या सदर भागातल्या डॉली चायवाल्याचे उदाहरण देतो. फेब्रुवारी 2024 मध्ये बिल गेट्स यांनी डॉलींकडून चहा घेतानाची चित्रफीत इन्स्टाग्रामवर टाकली आणि आपल्या गावातला एक चहावाला जगभर पोचला, मग मला का जमू नये, या प्रश्नाला माझ्याकडे चटकन देता येईल असे उत्तर नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक त्रास देते. त्या गाजलेल्या रीलमध्ये त्याची एक वर्गमैत्रीण अगदी क्षणभर पोह्यांची प्लेट हातात घेऊन दिसते. खालच्या प्रतिक्रियांत लोकांनी दोघांची जोडी लावली, नंतर कोण्या निनावी खात्याने त्या मुलीचे जुने फोटो शोधून काढून एक मनगढंत कथाच रचली आणि शेवटी तिच्या आईवडिलांचा आम्हाला फोन आला. नटनट्यांच्या बाबतीत अशा वावड्या उठतात हे आपण लहानपणापासून वाचत आलो, पण कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला हे का सोसावे लागावे? या प्रसिद्धीवर किती विसंबावे आणि तिच्यासोबत येणाऱ्या या चर्चेचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

उत्तर 1 : निवृत्त उपसंपादक, महाल

ताई, आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

सिनेमातल्या माणसांविषयीची कुजबुज आपल्याकडे नवी नाही. ‘फिल्मइंडिया’ 1935 साली निघाले, ‘फिल्मफेअर’ 1952 साली आणि ‘स्टारडस्ट’ 1971 साली. यांपैकी शेवटच्याने तर तारेतारकांच्या खाजगी आयुष्यावरच आपला खप उभा केला. त्या लिखाणाची मी भलामण करत नाही, त्यात क्रूरपणा पुष्कळ होता. तरी त्या व्यवहाराला काही चौकट होती. ज्याच्याविषयी लिहिले जाई, त्याने प्रसिद्धीचा व्यवसाय स्वतः पत्करलेला असे, त्याच्या पाठीशी निर्माता, सेक्रेटरी आणि वकील असत, आणि उद्याच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी मासिकालाही त्याची गरज असे, त्यामुळे दोन्ही बाजू काही मर्यादा पाळत. त्याहून महत्त्वाचे असे की 1867 च्या कायद्यानुसार प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापावेच लागे. कोणाची बदनामी झाली, तर कोणाच्या दारात जायचे हे त्याला ठाऊक असे. आमच्या डेस्कवर एखादी खमंग बातमी आली की मुख्य उपसंपादकांचा पहिला प्रश्न ‘हे कोणी सांगितले?’ असा असे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर कागद बाजूला पडे. त्या मुलीविषयी लिहिणाऱ्या खात्याला हा प्रश्न विचारणारे कोणीच नव्हते.

म्हणजे पूर्वी कुजबुज प्रसिद्ध माणसाविषयी होई. आता एखाद्या क्षणाविषयी होते, आणि त्या क्षणात जो कोणी उभा असेल तो तिच्यात ओढला जातो. 2025 च्या महाकुंभात माळा विकायला आलेल्या एका मुलीचे डोळे देशभर गाजले. त्याचा परिणाम असा झाला की तिच्याभोवती चित्रीकरण करणाऱ्यांची इतकी गर्दी जमू लागली की धंदा बाजूला ठेवून तिला मेळा सोडावा लागला.

दिल्लीच्या मालवीय नगरातल्या ‘बाबा का ढाबा’ची हकीकतही आपल्या मुलाने नीट वाचावी असे मला वाटते. ऑक्टोबर 2020 मध्ये, टाळेबंदीने गिऱ्हाईक तुटलेल्या त्या वृद्ध दांपत्याची चित्रफीत एका यूट्यूबरने टाकली. दुसऱ्या दिवशी ढाब्यापुढे रांगा लागल्या आणि देणग्यांचा ओघ सुरू झाला. महिना लोटतो न लोटतो तोच देणगीच्या पैशांवरून ढाबामालकांनी त्याच यूट्यूबरविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, आणि कालपर्यंत ज्यांच्यासाठी लोक हळहळत होते त्यांनाच कृतघ्न ठरवणाऱ्या प्रतिक्रियांचा पूर आला. डिसेंबरात त्यांनी उपाहारगृह थाटले, फेब्रुवारी 2021 मध्ये ते बंद करून ते पुन्हा जुन्या ठेल्यावर आले आणि जूनमध्ये त्यांनी त्या यूट्यूबरची जाहीर माफीही मागितली. लोकांनी प्रेम केले ते एका चित्रफितीवर. तिच्यातली माणसे पुढे त्या चित्रफितीसारखी वागेनात, तेव्हा लोक रागावले.

आपल्या नागपुरात टवाळीची एक जुनी रीत आहे, तिची आठवण इथे होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे दुष्ट शक्तींचा पुतळा, मिरवत निघते, तेव्हा सोबतच्या बडग्यांतून, म्हणजे टवाळीच्या पुतळ्यांतून, पुढारी, अधिकारी, महागाई, भ्रष्टाचार अशा सगळ्यांची टर उडवली जाते. ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत सारा गाव ती पाहतो, आणि मिरवणुकीच्या शेवटी त्यांचे दहन होऊन तो विषय तिथेच संपतो. शिवाय बडगा कोणाचा करायचा याचेही भान असते, गल्लीतल्या पोरीचा बडगा कोणी करत नाही. त्या मुलीविषयीची कथा मात्र उद्या तिचे नाव शोधणाऱ्या नोकरी देणाऱ्याला आणि सोयरिक जुळवणाऱ्यालाही सापडू शकेल. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या मुलाने प्रथम त्या मुलीच्या आईवडिलांना जाऊन भेटावे आणि त्यांना काय हवे ते विचारावे. निनावी खात्याविरुद्ध त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमणे कंपन्यांना बंधनकारक आहे. तक्रारीपूर्वी पानांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवा, आणि तिचे फोटो विकृत केले असतील किंवा धमक्या येत असतील तर सायबर पोलिसांकडे जाण्यास उशीर करू नका.

उत्तर 2 : सनदी लेखापाल, धरमपेठ

मी फक्त पैशांविषयी लिहितो, कारण ‘लाखो दर्शक’ म्हणजे लाखो रुपये असा समज माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तरुणाचा असतो.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान 1000 सदस्य आणि त्याबरोबर वर्षभरात 4000 तासांचे दर्शन किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी दर्शने लागतात. लांब चित्रफितींच्या जाहिरात उत्पन्नातले 55 टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्सचा पैसा आधी एकत्र जमा होऊन दर्शनांच्या प्रमाणात वाटला जातो आणि त्या वाट्यातले 45 टक्के निर्मात्याच्या हाती येतात. इन्स्टाग्रामवर आपल्याकडच्या बहुतेकांची कमाई दुकानदार आणि कंपन्यांशी ठरवलेल्या जाहिरातींतून होते. तिथे दर्शकसंख्येपेक्षा, सांगितलेल्या दिवशी सांगितलेले काम करून देणारा माणूस म्हणून असलेली पत अधिक उपयोगी पडते, आणि अशी पत एका रीलने तयार होत नाही.

पैसे, वस्तू किंवा फुकट जेवण घेऊन प्रशंसा केली असेल, तर ते रीलमध्येच ठळकपणे सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने यासाठी 2021 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रशंसा करणाराही त्यातून सुटत नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या खात्यांपुरताच हा नियम आहे, असे समजू नये.

मुलाला घरून आणखी वर्षभर सांभाळणे आपल्याला शक्य असले, तरी परीक्षा सोडण्याचे कारण मला दिसत नाही. बी.कॉम.च्या वेळापत्रकात रील्सना वेळ मिळतो, आणि पुढे हाच व्यवसाय करायचा ठरला तर हिशेब, करार आणि कर समजणारा निर्माता निश्चितच पुढे राहील.

उत्तर 3 : पोहेवाल्याची मुलगी

ज्यांच्या ठेल्यावर रील्स बनतात, त्यांच्या बाजूनेही कोणीतरी लिहावे असे वाटले.

माझे बाबा पहाटेपासून पोहे आणि तर्री विकतात. मध्यंतरी एका मोठ्या खात्याची माणसे आली आणि ऐन सकाळच्या गर्दीत त्यांनी बाबांना तर्रीचा डाव उंचावरून ओतायला लावला. पहिल्यांदा प्रकाश चुकला, दुसऱ्यांदा चण्याचा दाणा कॅमेऱ्यावर उडाला, तिसऱ्यांदा बाबांनी हसावे असे त्यांचे म्हणणे पडले. तोवर रोजचे गिऱ्हाईक, त्यांत ऑटोचालक अधिक, रिकामी प्लेट हातात धरून बाजूला ताटकळत होते. काम झाल्यावर त्यांनी रील टाकण्याचे पैसे मागितले. बाबांनी नकार दिला, तरी रील आलेच, फक्त त्यात तर्रीतल्या तेलाविषयी एक टोमणा जोडलेला होता. काही आठवडे दूरदूरच्या वस्त्यांतून लोक आले, फोटो काढून गेले, आणि खायला पुन्हा त्यांतले फार थोडे परतले. बाबा मात्र आजही रात्री माझ्या फोनवर त्या प्रतिक्रिया वाचायला मागतात आणि तेलाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला सांगतात. परक्या माणसांचे ते शब्द त्यांच्या मनातून जात नाहीत.

काकू, आपल्या मुलाने चित्रीकरणाआधी परवानगी घ्यावी, रीलमध्ये भाव बरोबर सांगावा, गर्दीची वेळ टाळावी आणि काही दिवसांनी त्या ठेल्यावर नुसते खायला म्हणून पुन्हा जावे, एवढेच मला सांगायचे आहे. अशा मुलांचे आमच्याकडे नेहमीच स्वागत होते, आणि अशी मुलेही आहेत.

उत्तर 4 : वऱ्हाडी रील्सवाला, हिंगणा रोड

वरच्या सगळ्या उत्तरांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मी स्वतः वऱ्हाडीतून विनोदी रील्स बनवतो. ज्यांची मुंबई-पुण्यात ओळख नाही, ज्यांचे बोलणे ऐकून लोक आधी हसतात आणि मग काय म्हणालो ते विचारतात, त्यांच्यासाठी हा एकच दरवाजा उघडा आहे. मालिका-चित्रपटांत आमची बोली वर्षानुवर्षे गडी, शिपाई नाहीतर बावळट पाहुणा यांच्या तोंडी ऐकू आली. आज अकोला, अमरावती, यवतमाळचे लोक माझी रील्स पाहून ‘हे आमचं बोलणं आहे’ असे लिहितात, तेव्हा त्या प्रसिद्धीला क्षणभंगुर म्हणून झिडकारणे मला जमत नाही.

बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण टिकटॉकवर नावारूपाला आला. 29 जून 2020 रोजी सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये टिकटॉकही होते, आणि त्याच्यासारख्या असंख्य मुलांनी जमवलेले सारे अनुयायी एका दिवसात हातचे गेले. त्याने दुसऱ्या मंचांवर पुन्हा सुरुवात केली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व जिंकले. डॉलींचेही तसेच आहे. गेट्स यांना चहा पाजण्याच्या कितीतरी आधीपासून ते सदरमध्ये त्याच ढंगात चहा करत होते आणि त्यांची रील्स फिरत होती. पाहुणा कोण होता हे आपल्याला नागपुरात परतल्यावर कळले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. म्हणजे जी चित्रफीत जगाने पाहिली तिच्या मागे अनेक वर्षांचा रोजचा ठेला होता. आपल्या मुलाने हे उदाहरण जरूर घ्यावे, पण अख्खे घ्यावे.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. सारे काम एकाच मंचावर ठेवू नये. मूळ चित्रफिती स्वतःजवळ साठवाव्यात, यूट्यूबवर थोड्या लांब चित्रफिती कराव्यात, आणि ज्या दुकानदारांशी व्यवहार होतो त्यांचे संपर्क वहीत लिहून ठेवावेत. खाते बंद पडले तरी ती वही हाताशी राहते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : प्रतापनगरची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी मुलाला वाचायला दिली. उपसंपादक काकांच्या सांगण्याप्रमाणे तो त्या मुलीच्या घरी जाऊन आला. तिच्या वडिलांनी ते रील काढून टाकावे असे सांगितले आणि त्याने ते काढले, दर्शकसंख्येसकट. निनावी खात्याविरुद्धची तक्रार तिच्या आईने आणि मी मिळून लिहिली आहे. परीक्षेचा अर्जही त्याने भरला आहे. रील्स सुरू राहतील, आणि आता मीसुद्धा त्यांच्या आड येणार नाही.

लेखापाल साहेबांना एक विचारायचे आहे. एका कंपनीने त्याला रीलच्या बदल्यात स्वयंपाकघरातला मिक्सर पाठवला आहे. त्याचाही हिशेब ठेवावा लागतो का?

उत्तर : सनदी लेखापाल, धरमपेठ

होय ताई. व्यवसायाच्या बदल्यात मिळालेली वस्तू हेही उत्पन्नच असते, म्हणून तिची किंमत आणि मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. 1 जुलै 2022 पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार, एका कंपनीकडून वर्षभरात 20,000 रुपयांहून अधिक किमतीचे असे लाभ मिळाले तर ती कंपनी त्यावर 10 टक्के कर कापते. चित्रीकरण झाल्यावर वस्तू परत केली तर तो लाभ धरला जात नाही. मिक्सर ठेवून घेणार असाल तर कंपनीकडून त्याचे बिल मागून घ्या, आणि तो मोबदला म्हणून मिळाला आहे, हे मुलाने रीलमध्ये तोंडाने सांगावे व पडद्यावरही लिहावे.