संस्थांनी स्वतःच्या बालवाड्या चालवणं आता थांबवावं का?

काटकोन (धागालेखक)

जिथे चालू अंगणवाडी आहे तिथे स्वयंसेवी संस्थेने वेगळी बालवाडी काढू नये, आणि असलेली दोन-तीन वर्षांत आवरती घ्यावी, असं माझं मत आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा खेड्यातल्या लहान मुलांसाठी सरकारी व्यवस्था नव्हतीच. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आहे, अंगणवाड्या तिच्याच. सेविका आहे, मदतनीस आहे, आहार येतो.

संस्थेची बालवाडी निघाली की थोडीफार फी परवडणारी घरं आधी तिकडे सरकतात. अंगणवाडीत गरीबातली गरीब मुलं उरतात आणि तिच्यासाठी ग्रामपंचायतीत भांडणारे पालक निघून जातात. शिवाय तेच मूल दोन्ही पटांवर. संस्थेला मिळणारा कंपनीचा निधी संपला की बालवाडीताई घरी बसते, आणि मूल परत त्याच अंगणवाडीत येतं.

त्यापेक्षा एक बीट धरा, म्हणजे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या. एका कार्यकर्तीकडे दहाच द्या. तिने आठवड्याला प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण सकाळ बसायचं. शिकवायचं नाही. सेविका पाच-सहा वर्षांच्या मुलांचा गट घेईल, तोवर हिने तीन-चार वर्षांची सांभाळायची. सेविकेची खरी अडचण तीच आहे: तीनही वयं एका खोलीत, आणि सगळ्यांना एकच बडबडगीत.

खेळण्यांचा संच देऊन फोटो काढणं सोपं. पुढे तो पत्र्याच्या पेटीत जातो आणि पेटीला कुलूप लागतं. सेविका आळशी म्हणून नव्हे. संच जडवस्तू नोंदवहीत चढलेला असतो, एक ठोकळा हरवला तरी तपासणीत जाब तिला. देतानाच ‘वापरात झिजणारं साहित्य’ असं प्रकल्प कार्यालयाकडून लेखी करून घ्या आणि दरवर्षी तुटकं बदलून देण्याचे पैसे बाजूला ठेवा. बोलक्या भिंतींचंही तसंच. साडेपाच फुटांवरची मुळाक्षरं भेटीला आलेले साहेब वाचतात. जमिनीपासून अडीच-तीन फुटांचा काळा पट्टा मारून खडू दिले तर त्याच पैशात मुलांचा हात रोज चालेल.

हंगामी

‘चालू अंगणवाडी’ या दोन शब्दांतच ग्यानबाची मेख आहे. दिवाळी झाली की रायगड-पालघरकडची कातकरी कुटुंबं बयाणा (आगाऊ उचल) घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. बीडकडचे कोयते ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात. कोयता म्हणजे जोडपं, बाईही फडात. अंगणवाडी गावठाणात, मजुरांच्या तळापासून दोन-तीन किलोमीटर. मूल पोचवणार कोण? पोचलं तरी दुपारी सुटतं, आई येते अंधार पडताना. तीन वर्षांखालच्याला तर तिथे दिवसभर ठेवायची सोयच नाही. त्याचा घरपोच आहार मूळ गावी नोंदलेला, तो इथे मिळवायचा तर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर स्थलांतर चढायला हवं, आणि आता चेहरा जुळल्याशिवाय पाकीट निघत नाही. मग तान्ह्याला सांभाळते आठ-नऊ वर्षांची बहीण, आणि तिची शाळा कोपीतच, म्हणजे तळावरच्या झोपडीतच, संपते. ठाणे-वसईकडे वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा आणि कारखान्यांवर साखरशाळा संस्थांनी काढल्या त्या हौस म्हणून नव्हेत.

अशा ठिकाणचं केंद्र कसं असावं तेही सांगतो. तीन वर्षांखालच्या दहांमागे एक बाई, वरच्या वीसांमागे एक. जागा भट्टीच्या धुराच्या वाटेत नको, माती भिजवायच्या खड्ड्यापासून लांब हवी, आणि पाण्याच्या पिंपाला झाकण. खिचडी चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकी घट्ट, वर चमचाभर तेल. बाळाचं पोट लहान. पातळ पेजेने ते भरतं पण ताकद येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला मधे येऊन पाजू द्यायची बोलणी मुकादमाशी पहिल्याच आठवड्यात करावी. मजुरी हजार विटांवर असते, जोडीदार एकटा पडला की विटा कमी पडतात. म्हणून ती आपण होऊन काम टाकून येत नाही.

काटकोन

स्थलांतराचं मान्य. पण त्यासाठी पाळणा योजना आहे: अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, २५ मुलांपर्यंत, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. संस्थेने ती मंजूर करून घ्यायला जोर लावावा. आपणच चालवत बसलो तर कार्यालय म्हणणार, संस्था बघतेय ना, मग आम्ही कशाला.

हंगामी

भट्टीचा दिवस साडेसात तासांत संपत नाही. आणि ऊसतोडीचा तळ फडामागे हलतो. मंजुरीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत टोळी पुढच्या गावात गेलेली असते. कायद्याचं म्हणाल तर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक बायका असल्या की पाळणाघराची अट होती. काम चार उपठेकेदारांत वाटलं की कुणाच्याच हजेरीपत्रकावर पन्नास भरत नाहीत. निम्म्या बायका तर नवऱ्याच्या नावाखालीच.

निवृत्त_मुख्यसेविका

दोघांनीही सेविकेला गृहीत धरलंय. एका बीटमध्ये तीन संस्था शिरल्या की तीन ॲप, तीन तऱ्हेची प्रशिक्षणं, तिघांनाही फोटो हवा. त्यावर सरकारी नोंदी, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी. जिल्हा परिषदेशी करार करताना त्यात एकच ओळ घाला: संस्थेला लागणारी माहिती संस्थेची माणसं भरतील. ही ओळ मान्य नसलेली संस्था परत पाठवावी.

मदत हवी आहे ती मोजमापात. वजनकाटा दर वेळी शून्यावर आणायचा, बाळाचे जाड कपडे उतरवायचे. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून, ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे सॅम (तीव्र कुपोषित; त्याच्या वरची पायरी मॅम, मध्यम कुपोषित). सर्वांत जास्त चुकते ती उंची. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं असतं. उभं करून मोजलं की आकडा साधारण पाऊण सेंमी कमी येतो, उंचीच्या मानाने वजन बरं दिसतं आणि सॅममधलं मूल कागदावर मॅममध्ये जातं. मग ते उपचाराला ना ग्राम बालविकास केंद्रात येत, ना पोषण पुनर्वसन केंद्रात. दर महिन्याला सेविकेशेजारी बसून वीस मुलं मोजणारी एक मुलगी द्या. बालवाडी नको आणि रंगवलेली भिंतही नको.

खडूपाटी

काटकोन यांच्याशी सहमत, पण पालक बालवाडीत जातात ते संस्थेसाठी नव्हे, ‘एबीसीडी’साठी. चौथ्या वर्षी रेघोट्या गिरवून घेतल्या की आई खूश होते. बोटांत जोर येतो तो मळलेल्या कणकेने, दोरा ओवण्याने, चिंचोके वेचण्याने. (चिंचोके चार वर्षांपुढच्यांनाच, त्याखाली तोंडात मावेल असं काहीही नको.) संस्थेने महिन्यातून एकदा पालकांसमोर हे करून दाखवावं, अंगणवाडीतच. भाषणाने कुणी बदलत नाही.

ताळेबंद

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. कंपन्या नफ्याच्या सरासरीतून जो २ टक्के सामाजिक निधी (सीएसआर) देतात, त्यात ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत धरता येतो. तरी बहुतेक संस्था एकाच वर्षाचा प्रस्ताव देतात आणि मग निधी संपला म्हणून रडतात. दुसरं, ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत’ हे बंधन कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, संस्थेच्या नव्हे. संस्था घाबरून ताईंचं मानधन त्या ५ टक्क्यांत कोंबतात आणि उरलेल्यातून रंगरंगोटी होते. बालशिक्षणात माणूस हाच प्रकल्प आहे. मानधन कार्यक्रम खर्चात दाखवा, तसं करारात लिहून घ्या.

काटकोन यांच्या योजनेतही पगार आहेतच. दहा अंगणवाड्यांमागे एक कार्यकर्ती स्वस्त पडते, भट्टीवरचं केंद्र दर मुलामागे कितीतरी महाग. म्हणून कंपन्यांना काटकोन यांची योजना आवडेल आणि हंगामींचा नाही.

हंगामी

महाग आहेच, आणि वरून वेळही चुकते. कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, पैसे हातात पडतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा भट्टीचा अर्धा हंगाम गेलेला असतो. आम्हाला ते सप्टेंबरात लागतात: ऑक्टोबरात ताया निवडून आठ दिवसांचं प्रशिक्षण, मुकादमांच्या याद्यांवरून मुलं मोजणं, नोव्हेंबरात पत्रा आणि पाणी. करारात पहिला हप्ता सप्टेंबरचा लिहून घेतला नाही तर मार्चअखेरीच्या पैशातून लोक सतरंज्या आणि दप्तरं घेतात.

काटकोन

सप्टेंबरच्या हप्त्याला पाठिंबा. ज्या तळापासून अर्ध्या किलोमीटरवर अंगणवाडी आहे तिथे तीन वर्षांवरची मुलं तरी तिकडेच पाठवा, एक ताई रोज सोडायला-आणायला. केंद्रात फक्त तीनखालची ठेवा. खर्च निम्म्यावर येईल.

हंगामी

निम्म्यावर नाही येणार, तीनखालच्यांनाच बायका जास्त लागतात. पण करून बघण्यासारखं आहे. अट एकच: दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ती मुलं परत केंद्रातच यायला हवीत, कोपीत नव्हे.