मदत हवी आहे: मी बनवत असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लॅम्डाच्या (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनच्या) सुरुवातीला खूण ठेवावी का?

पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) हाताने लिहिलेला, रिकर्सिव्ह डिसेंट (व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन), लुकअहेड एकाच टोकनचा, म्हणजे पुढचा एकच शब्द किंवा चिन्ह पाहून ठरवतो. भाषेत टपल (कंसात लिहिलेले मूल्यांचे गट) आहेत, त्यामुळे (क, ख) => क + ख वाचताना बाण येईपर्यंत टपल की पॅरामीटर हे कळतच नाही.

जुळणाऱ्या कंसापर्यंत पुढे पाहून झालं. एडिटरमध्ये कंस अर्धवट असला की एरर भलत्याच ओळीवर येते, हे फार त्रासदायक आहे. जावास्क्रिप्टसारखं आधी टपल वाचून मग पॅरामीटर करणंही जमेना, कारण (क: अंक = ५) मधला टाइप एक्स्प्रेशनच्या व्याकरणात बसत नाही. टाइप आणि डीफॉल्ट दोन्ही हवेतच. रस्टसारखं |क, ख| घेतलं तर पॅटर्नमधल्या पर्यायाच्या | शी टक्कर होते.

उरले दोन: हास्केलसारखा \ किंवा 'फन' हा कीवर्ड. मॅप-फिल्टरच्या (यादीतले घटक बदलणाऱ्या नि गाळणाऱ्या फंक्शनच्या) लांब साखळीत, एकात एक लॅम्डा असताना, वाचायला आणि नेमकी एरर दाखवायला यातलं कोणतं बरं पडतं?