प्लास्टरनंतरही बोटांकडे लक्ष असू द्या
हाड मोडलं म्हणजे पाय कापावा लागेल का, ही भीती समजू शकते. पण अपघातात पाय जातो तो बहुधा नुसत्या मोडलेल्या हाडामुळे नाही, रक्तपुरवठा तुटल्यामुळे. रक्ताविना स्नायू साधारण 6 तासच तग धरतात. म्हणून प्लास्टर घातल्यावरही बोटांवर नजर हवीच. नख दाबून सोडलं की 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, बधिर किंवा पांढरी पडली, दुसऱ्याने हळूच हलवली तरी असह्य कळ आली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर कृपया सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. प्लास्टरखाली पायात दाब वाढून रक्तपुरवठा अडलेला असू शकतो. मग प्लास्टर कापतात, कधी स्नायूंवरचं आवरण उघडून दाब मोकळा करतात.