कॅम्परव्हॅनसाठी फोर्सची ट्रॅव्हलर व्हॅन घ्यावी की टाटाची विंगर?

प्रश्न: आम्ही दोघं आणि लेक, कोकण-गोवा फिरायला जुनी गाडी घेऊन आत बेड न् छोटा ओटा करायचाय. कुठली घेऊ? आत ताठ उभं राहता आलं पाहिजे.

उत्तर १: विंगर फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे खालून प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा लांब दांडा) जात नाही, फ्लोअर खाली मिळतो, पण मागे वजन भरलं की ओल्या घाटात पुढची चाकं स्लिप होतात, पाण्याची टाकी पुढेच बसवा.

उत्तर २: ताई, ट्रॅव्हलरच घ्या, हाय रूफवाली. मेकॅनिक कुठंही मिळतो. दाराखालचा पत्रा गंजलाय का ते आधी बघा.

उत्तर ३: पैसे द्यायच्या आधी आरटीओत विचारा प्लीज, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर आहे त्यात परवानगीशिवाय बदल चालत नाही. पिवळी पाटी असेल तर ती खासगी करायचं काम वेगळंच.